तीर्थही व्हावे, तळ्याकाठी मुक्कामही

प्रश्न : आम्ही धुळ्याला राहतो. धारजवळच्या मोहनखेडा तीर्थाला एकदा जाऊन यावे, असे सासूबाईंच्या मनात बरेच दिवस आहे. शेजारचे जैन कुटुंब दरवर्षी जाते, त्यांच्याकडून त्यांनी खूप ऐकले आहे. मुलांना मात्र तळ्याच्या काठी, लहानशा शांत गावात एक रात्र राहायचे आहे. सुटी शनिवार-रविवार एवढीच. दोन्ही एका खेपेत जमेल का? आमचे आडनाव पवार. कुलदेवी धारची गडकालिका असे ऐकत आलो, पण घरातले कोणी अजून तिथे गेलेले नाही.
— एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : जमेल, आणि तिन्ही गोष्टी जमतील. फक्त क्रम नीट लावायला हवा. धुळ्याहून निघणारे बहुतेक जण आधी मांडू गाठतात. मांडू म्हणजे आपला मांडवगड, तो अलीकडे लागतो म्हणून. मग रविवारी दुपारी मोहनखेड्याला पोचतात आणि तिथून थेट धुळ्याचा लांबचा परतीचा प्रवास डोक्यावर येतो. वयस्कर माणूस सोबत असेल तर असे करू नका. शनिवारी सगळ्यात लांबचे ठिकाण आधी गाठा आणि परतीच्या वाटेवर मुक्काम करा. सासूबाईंचे तीर्थ ताज्या अंगाने होईल आणि मुलांचे तळे रविवारी निवांत हाती राहील.

पहाटे पाचला निघा. आग्रा रस्त्याने शिरपूर, सेंधवा मागे टाकत खलघाटला नर्मदा ओलांडायची. पुलाच्या अलीकडे गाडी सुरक्षित जागी थांबवून सासूबाईंना नर्मदामाईचे दर्शन घडवा. चहाही तिथेच होऊ द्या, कारण पुढे गुजरीला महामार्ग सोडला की विंध्याचा घाट सुरू होतो. घाट चढून वर आलात की माळव्याचे पठार लागते आणि वाटेत मांडूचा फाटा दिसतो. मुले हट्ट करतील, तरी वळू नका, सरळ धारला जा. धारहून पश्चिमेला अहमदाबादच्या रस्त्याने सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, राजगड गावाला लागून मोहनखेडा आहे. अकरा-साडेअकरापर्यंत आरामात पोचाल.

मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे तीर्थ, मूलनायक आदिनाथ. तीर्थाचा प्राण मात्र आचार्य राजेंद्रसूरी. १८२७ मध्ये भरतपूरला जन्मलेले हे साधू १९०६ मध्ये राजगडला निवर्तले आणि त्यांचे समाधिमंदिर मोहनखेड्याला उभे राहिले. पौष शुद्ध सप्तमीला, म्हणजे गुरुसप्तमीला, इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत केवळ निवांतपणासाठी येणाऱ्याने येऊ नये. राजेंद्रसूरींचे एक काम मला भाविकपणापलीकडे जाऊन नमस्कार करण्यासारखे वाटते. जैन आगमांतल्या प्राकृत शब्दांचा सविस्तर कोश त्यांनी १८९० मध्ये राजस्थानातल्या सियाणा गावी लिहायला घेतला, तेव्हा त्यांचे वय बासष्ट-त्रेसष्ट होते. चातुर्मास सोडला तर साधूने एका जागी फार काळ राहायचे नाही. म्हणजे पायी विहार चालू, पोथ्या सोबत आणि लेखन चालू. तेरा वर्षांनी, १९०३ मध्ये, सुरतेला तो पूर्ण झाला. ‘अभिधान राजेंद्र कोश’ या नावाने त्याचे सात जाडजूड खंड पुढे रतलामला छापले गेले. ते छापलेले पाहायला आचार्य हयात नव्हते. आपल्याकडे केतकरांच्या ज्ञानकोशाचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हे नावही जिभेवर ठेवायला हवे. मुलांना समाधीपुढे उभे करून एवढे सांगितलेत तरी दर्शनाला अर्थ येईल.

जैनेतरांना इथे आडकाठी नाही. धर्मशाळा आहेत, भोजनशाळा आहे. जेवण साधे, कांदा-लसूण-बटाट्याशिवायचे आणि गरम. संध्याकाळचे जेवण सूर्यास्ताआधीच आटोपते, हे मुक्काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तुम्ही दुपारी असाल, तेव्हा पंगतीला बसा आणि ताटात टाकू नका. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी विचारा.

दीड-दोनच्या सुमारास परत फिरा. येताना सरदारपूरजवळ तुम्ही एक नदी ओलांडली असेल, तिच्याकडे जाताना नीट पाहा. ती मही. तिचा उगम याच तालुक्यात मिंडा गावाजवळ आहे. इथून ती उत्तरेकडे राजस्थानात जाते, मग वळून गुजरातेतून खंभातच्या आखाताला मिळते आणि या फेऱ्यात कर्कवृत्त दोनदा ओलांडते. भूगोलाच्या पुस्तकात मुलांनी हे वाक्य पाठ केले असेल. इथे ते डोळ्यांपुढे आहे.

धारच्या अलीकडे अमझेऱ्याचा फाटा लागेल. वेळ असेल तर आत जा, नसेल तर निदान गाडीत बसून नाव उच्चारा. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी याच परिसरात माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला गाठले. नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून मराठी फौज वर आली होती. सकाळी तुम्हीही तीच नदी ओलांडली आणि तोच डोंगर चढलात. सुभेदार पडला आणि माळव्याचे दार उघडले. त्या मोहिमेत उदाजी पवार होते. पवारांना पुढे धार मिळाले ते याच ओघात. याच अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह १८५७ च्या उठावात उतरले आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरला फाशी गेले. आपण पावनखिंडीला मुलांना नेतो, वसईला नेतो. अमझेऱ्याला महाराष्ट्रातून फारसे कोणी जात नाही, याची मला मनापासून खंत आहे.

साडेतीनपर्यंत धार. इथे तुमचे पवार आडनाव घरी आल्यासारखे होईल. गडकालिकेचे देऊळ टेकडीवर, खाली देवीसागर तलाव. धारच्या पवारांची ही कुलदेवी, आणि महाराष्ट्रातली कितीतरी पवार घराणी आजही तिच्या ओटीला इथवर येतात. ओटीचे साहित्य धुळ्याहूनच घेऊन निघा. खण-नारळ इथेही मिळेल, पण घरून नेलेल्या खणाचे समाधान निराळे. देवळातून खाली पाहिले की धारचे खरे रूप कळते. हे तळ्यांचे गाव आहे. परमार राजांनी गावाभोवती तळी खोदली, धारची माणसे ‘साडेबारा तलाव’ म्हणतात. मुंजसागर हे नाव दहाव्या शतकातल्या वाक्पती मुंजाचे, भोज राजाच्या काकाचे.

किल्ला लाल दगडाचा, गावालगतच्या टेकडीवर. त्याच्या आत १७७५ च्या जानेवारीत दुसरा बाजीराव जन्मला. राघोबादादा गुजरातेत इंग्रजांची मदत मागत फिरत होते आणि आनंदीबाईंना धारच्या पवारांनी आसरा दिला होता. पेशवाईच्या अखेरच्या पेशव्याचे जन्मस्थान पुण्यात नव्हे, इथे आहे. भोजशाळेचे प्रकरण न्यायालयात आहे, जायचे असेल तर प्रवेशाचे वार-वेळा आधी विचारून घ्या. तुमच्याजवळ अर्धा तास उरला तर तो मी फडके स्टुडिओला देईन. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. ते धारला येऊन राहिले, ते कायमचेच. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

साडेचार वाजले की मात्र कशाचाही मोह न धरता मांडूकडे निघा. अंतर पस्तीस किलोमीटर. पावसाळ्यात मांडूच्या वाटेवर धुके इतके दाट उतरते की पुढची गाडी दिसत नाही, आणि गावात शिरताना जुन्या दरवाजांच्या अरुंद कमानींखालून गाडी काढावी लागते. उजेडी पोचा. मुक्कामासाठी सागर तलावाच्या काठी मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाचे मालवा रिसॉर्ट आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी खोली फार आधी धरावी लागते. ती न मिळाल्यास गावात लहान हॉटेले आणि धर्मशाळा आहेत. मुलांना तळ्याकाठची रात्र हवी होती, ती ही.

रविवार पूर्ण मांडूचा. सूर्योदयाला जहाज महालापाशी हजर राहा. नऊनंतर इंदूरच्या गाड्या येऊ लागतात आणि शांतता संपते. मग गावातला चौक: जामी मशीद, अशर्फी महाल आणि होशंगशाहची संगमरवरी कबर. या कबरीच्या दारावर १६५९ चा एक लेख आहे. शहाजहानचे वास्तुकार, त्यांत उस्ताद हमीद, ही वास्तू पाहायला आणि तिला मान द्यायला आले होते, असे त्यात कोरले आहे. सासूबाईंना या भागात फार चालावे लागणार नाही. रूपमतीच्या मंडपाला मात्र चढ आहे. त्यांना खाली रेवाकुंडाच्या काठी बसवा. त्यांना तेच जास्त आवडेल, कारण नर्मदा परिक्रमेला निघालेले अनेक जण या कुंडाचे दर्शन घेऊन पुढे जातात. वरून, हवा स्वच्छ असेल तर, साडेतीनशे मीटरहून अधिक खाली निमाडचा सपाट मुलूख आणि दूरवर नर्मदेची रेघ दिसते. दिसली नाही तर वाट पाहत बसू नका, ढग येतो तसा जातो.

दुपारी दाल-पानिया खा. मक्याच्या पिठाचा जाडसर गोळा पानांमध्ये दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. पान जळते, त्याच्या शिरांची नक्षी भाकरीवर उमटलेली राहते आणि धुराचा वास आत मुरतो. वर तूप आणि डाळ. भाजायला वेळ लागतो, म्हणून रूपमतीला जातानाच सांगून ठेवा. रस्त्याकडेला करड्या, मखमली कवचाची मोठी फळे विकायला ठेवलेली दिसतील. ती गोरखचिंचेची, इथले लोक तिला मांडूची इमली म्हणतात. झाड मूळ आफ्रिकेतले, पण मांडूत शतकानुशतके रुळलेले. मुलांना त्याच्या बुंध्याला मिठी मारून पाहू द्या, चौघांचे हात पुरणार नाहीत. दोनला निघालात तर घाट उतरून थेट गुजरी, आणि रात्रीच्या जेवणाला धुळे.

प्रश्न : मांडू डोंगराच्या माथ्यावर आहे आणि तिथे नदी नाही. मग इतकी तळी आली कुठून, आणि राजवाडा पाण्याच्या मधोमध का बांधला?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : फार चांगला प्रश्न. मांडूत जाऊन आलेल्या अनेकांना रूपमती-बाजबहादूरची कहाणी तोंडपाठ असते, पण हा प्रश्न पडलेला नसतो. मला विचाराल तर मांडूची खरी कथा ही पाण्याचीच आहे.

मांडू समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे तेहतीस मीटरवर, विंध्याच्या अगदी कडेला आहे. माळव्याच्या पठारापासून काकडा खोह नावाच्या खोल दरीने ते तुटलेले. दक्षिणेला उभा कडा. लढाईच्या दृष्टीने याहून उत्तम जागा नाही, आणि पाण्याच्या दृष्टीने याहून अवघड नाही. पाऊस भरपूर पडतो, पण खाली काळा बेसाल्टचा दगड आणि बाजूला कडे. पडलेले पाणी थांबवले नाही तर बरेचसे बघता बघता निमाडात उतरून नर्मदेला जाऊन मिळते. वाहती नदी नाही, म्हणजे चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढायचे. वेढा पडला तर बाहेरून पाणी आणण्याचा प्रश्नच मिटला. परमारांच्या काळापासून इथे राहणाऱ्या प्रत्येकाला हे गणित सोडवावे लागले आणि त्याचे उत्तर म्हणजे ही तळी, कुंडे आणि बावड्या.

जहाज महाल याचा सगळ्यात देखणा पुरावा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करणाऱ्या गियासुद्दीन खलजीच्या नावाशी तो जोडला जातो. लांबी सुमारे एकशे दहा मीटर, रुंदी जेमतेम पंधरा, एका बाजूला मुंज तलाव आणि दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. दोन्ही तळी भरली की इमारत पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजासारखी दिसते, नाव त्यावरून. पण नुसते दूरून पाहून परत फिरू नकोस. गच्चीवर जा आणि हौदापाशी खाली बसून दगडाकडे बघ. हौदात पाणी थेट सोडलेले नाही. त्याआधी ते दगडात कोरलेल्या अरुंद पन्हाळीतून फिरवले आहे आणि ही पन्हाळी सरळ नाही, शंखाच्या वळणांनी स्वतःभोवती गुंडाळत जाते. बोट फिरवून बघ, वळणावर खोबणीचा तळ गुळगुळीत झालेला लागेल. पाणी सरळ धावले तर गाळ सोबत घेऊन येते. वळणावळणाने फिरले की वेग मोडतो, गाळ मागे बसतो आणि हौदात निवळ पाणी येते. नीलकंठेश्वराच्या देवळातही अशीच वळणदार पन्हाळी आहे. तिथे पाऊस नसताना वरून तांब्याभर पाणी सोडून पुजारी ती चालवून दाखवतात. शिवाय पूजेचे फूल टाकले तर ते वळणे घेत घेत कसे जाते, ते पाहायला मुले तासभर हलत नाहीत.

जहाज महालाशेजारी चंपा बावडी आहे. तिचे तळमजले भुयारी खोल्यांना जोडलेले, म्हणजे विहिरीचे पाणी प्यायलाही आणि उन्हाळ्यात खोल्या गार ठेवायलाही. रेवाकुंडातून पाणी उचलून ते उंच पाटाने बाजबहादूरच्या महालात नेलेले होते. त्या पाटाच्या कमानी अजून उभ्या आहेत. राजवाडा पाण्यामध्ये बांधण्यात विलास होता हे खरेच, पण जिथे पाणी हीच सगळ्यात मोठी दौलत, तिथे राजाने आपले घर दौलतीच्या राखणीला ठेवले, असेही त्याकडे पाहता येते.

नकाशा काढून बसलास तर आणखी एक गोष्ट कर. धार जिल्ह्यावर पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. उत्तरेकडचा चंबळेला, तिथून यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला. दक्षिणेकडचा नर्मदेला आणि भडोचजवळ अरबी समुद्राला. पश्चिमेकडचा महीला आणि खंभातला. एकाच जिल्ह्याच्या पाण्याला तीन दिशा. या मधल्या उंचवट्यावर माणसाला वस्ती करायची तर पाणी अडवण्याला पर्याय नव्हता, आणि म्हणून धार असो की मांडू, गावाच्या आधी तळे दिसते.

प्रश्न : मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मांडूला गेलो तर चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तळी पाहायची असतील तर नको. मेपर्यंत पाणी बरेच उतरलेले असते आणि दगड तापतात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मांडू सर्वांत सुंदर. पाऊस टाळायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, तळी भरलेली आणि हवा गार. तेव्हा बाजारात सीताफळेही असतात. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, मुलांना तळ्यात उतरू देऊ नका. आणि काठावर बसून काही खाल्लेत तर वेष्टने गाडीत परत आणा. पाचशे वर्षे गाळ अडवणाऱ्या पन्हाळ्यांना प्लास्टिक अडवता येत नाही.

प्रश्न : पुण्याहून इंदूरला लग्नाला जाणार आहोत. मधला एकच दिवस मोकळा आहे. मांडू करावे की देवास?
— एक ज्येष्ठ नागरिक, पुणे

उत्तर : मांडू इंदूरहून शंभरेक किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस संपतो आणि दमणूक होते. तुमच्या वयाला आणि एका दिवसाला देवास बरे. इंदूरहून तासाभराचा रस्ता. गावात टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, वर जायला रोपवे आहे. पायथ्याकडे मीठा तालाब, संध्याकाळी काठाने फिरायला छान. पवारांच्या दोन शाखांची दोन संस्थाने एकाच गावात नांदली, हे हिंदुस्थानातले विरळ उदाहरण. त्यांपैकी थोरल्या पातीच्या महाराजांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये चिटणीस म्हणून राहिले होते.

आणि तुम्ही गाण्याचे असाल तर देवासला जाण्याचे कारण वेगळे सांगायला नको. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास कोरड्या हवेसाठी इथे आले. गाणे बंद, अंथरुणाला खिळलेले. त्या काळात माळव्याच्या बायकांची गाणी खिडकीबाहेरून त्यांच्या कानी पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी जे गायले त्यात ती लोकधून मुरली होती. १२ जानेवारी १९९२ ला ते गेले, तेही देवासलाच. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे ‘भानुकुल’ हे घर आहे. ते राहते घर आहे, तेव्हा आधी विचारल्याशिवाय आत जाऊ नका. सकाळी इंदूरहून पोहे-जिलबी खाऊन निघा, उन्हाच्या आत टेकडी करा, दुपारी विश्रांती घ्या आणि ऊन उतरल्यावर तळ्यावर जा. रात्रीच्या जेवणाला लग्नघरी परत याल.